उदेलालचा खराद कोणाच्या नावे

मी उदेलाल सोमाजी रहांगडाले, वय त्र्याहत्तर, राहणार सालेकसा, जिल्हा गोंदिया. धंदा खराद काम, म्हणजे खराद यंत्रात फिरणाऱ्या लाकडावर पटाशी धरून त्याला गोल आकार देणे. हा कागद मी आपल्या मर्जीने, कोणी दटावले नसताना, पूर्ण भानावर राहून लिहीत आहे. भानाचा डॉक्टरी दाखला मागे जोडला आहे. डॉक्टरने विचारले, आज तारीख काय. मी सांगितली आणि म्हटले, तुमच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे, तेवढे पलटवा. त्याने लगेच सही केली.

१. सन २००३ मध्ये लिहिलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. त्यात मी खराद मुन्नालालच्या नावे केला होता. मुन्नालाल माझा पहिला शिष्य. हात चांगला, तोंड त्याहून चांगले. पुढे त्याने गोंदियात दुकान टाकले आणि पाटीवर "तीन पिढ्यांचा अनुभव" असे रंगवून घेतले. त्याचे वडील पोस्टात होते आणि आजोबांनी धानाशिवाय कशाला हात लावला नव्हता. त्याला काही देणे नाही. माझ्या तेराव्याला तो जेवू शकतो, भाषण करू शकत नाही.

२. राहते घर माझी पत्नी चमेली हयात असेपर्यंत तिचे. पासबुकात जे असेल तेही तिचेच. किती आहे ते लिहीत नाही, कारण हा कागद सगळ्यांच्या आधी खुमेंद्र वाचणार.

३. शेतीतला माझा हिस्सा मुलगा खुमेंद्र याला. पोवाराच्या घरी जन्मून धानाच्या बांधीत उतरायचे सोडून मी पलंगाचे पाये कातत बसतो, म्हणून माझे वडील मला मरेपर्यंत "तो भोवरेवाला" म्हणत. खुमेंद्रही बांधीत उतरत नाही, पण तो बिरसीच्या विमानतळावर गणवेश घालून उभा राहतो, म्हणून त्याला कोणी काही म्हणत नाही.

४. खराद, त्याची मोटर, टिनाची शेड, सर्व पटाश्या, धार लावायचे दगड आणि वाळत घातलेले शिवणीचे लाकूड, हे सर्व माझी सून भूमेश्वरी हिला, पूर्ण मालकीने. खुमेंद्रने त्यातले काहीही भंगारात विकू नये. उद्या भूमेश्वरीने हे घर सोडायचे ठरवले तर खराद तिच्यासोबत जाईल. खुमेंद्रने सोबत जावे की नाही, हे तिच्या मर्जीवर.

याचे कारण लिहिणे भाग आहे.

भूमेश्वरी २००५ साली लग्न होऊन आली. आठव्या दिवशी शेडमध्ये चहा ठेवायला आली, दाराशी थांबली आणि म्हणाली, "मामाजी, तुमची पटाशी बोथी झाली वाटते." मी म्हटले, "तुले कसं मालूम?" तर म्हणाली, "आवाज खरखर येऊन राहिला ना." मी आठ वर्षे एका केंद्रात खराद शिकवला. पोरांना पहिले तीन महिने फक्त धार लावायला लावत असे आणि डोळे मिटून आवाज ऐकायला लावत असे. त्यातल्या एकालाही तो ऐकू आला नव्हता. मी चहा पिऊन घेतला, पटाशी बघितली. बोथीच होती.

दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवले. खुमेंद्र म्हणाला, "घरची सून मिस्त्री झाली म्हणतीन लोक." मी म्हटले, "मनू दे. तुले तं तेही नाही मनत."

२००८ पासून माझा उजवा हात कापू लागला. बाहेर कोणाला सांगितले नाही. २००९ च्या जिल्हा हस्तकला प्रदर्शनासाठी भूमेश्वरीने शिवणीचे एक भांडे कातले, इतके पातळ की उन्हाकडे धरले तर आतून बोटांची सावली दिसे. मी ते गोंदियाला नेले. तीही आली होती, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन माझ्या मागे उभी होती. परीक्षकाने विचारले, "हे कोणी केलं?" समोर मुन्नालाल उभा होता. मी म्हटले, "मी."

शाल, नारळ आणि प्रमाणपत्र मिळाले. परतताना गाडीत ती एवढेच म्हणाली, "मामाजी, नारळ फोडाचा का ठेवाचा?"

त्यानंतर पाच वर्षे भांडी तिने कातली आणि नाव माझे झाले. शाल कसरीने खाल्ली. किड्यांनी तेवढा न्याय केला, मी तेवढाही केला नाही.

५. सदर प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवावे. ते भांडे भूमेश्वरीचे आहे, असे पत्र मी प्रदर्शन भरवणाऱ्यांना लिहिले आहे. नक्कल सोबत आहे.

६. हे कलम आधी असे होते, की माझ्या मरणानंतर वरील मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. पोळ्याच्या आधी मी ते भूमेश्वरीला वाचून दाखवले. मला वाटले, ती रडेल. ती भाजी निवडत होती, ती तिने निवडून संपवली. मग म्हणाली, "मरून माफी मांगता का, मामाजी? जित्ते आहा तं आताच सांगा ना. तवा मी कोणाकोणाले पुरावा देत फिरू?" चमेली आतून म्हणाली, "बरोबर बोलून राहिली थे."

म्हणून तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन अख्खे गाव जमले असताना, मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. मुन्नालाल आला होता. तो म्हणाला, "उस्ताद, थे तं आमाले तवाच समजलं होतं. कापऱ्या हातानं असं भांडं होते का? तुमी कवा सांगता, याचीच वाट पाहून राहिलो होतो." कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. त्याच्या जेवणाबद्दलची परवानगी मी तरीही कायम ठेवत आहे.

७. मला जाळताना शिवण किंवा हळदूचे लाकूड वापरू नये. कातायच्या लाकडाची ती नासाडी होईल. बाभूळ पुरे.

८. मागच्या सोमवारपासून भूमेश्वरीने शेडमध्ये चार बायांना शिकवायला घेतले आहे. मी सवयीने जाऊन दाराशी स्टूल टाकून बसलो आणि एकीची पकड चुकली म्हणून बोलणार होतो. भूमेश्वरी मागे न वळता म्हणाली, "मामाजी, उजेडातून सरका."

मी सरकलो. स्टूल आता भिंतीशी आहे. ते तिथेच ठेवावे.

साक्षीदारांना या कागदातून काहीही मिळत नाही. तसा कायदाच आहे, हे समजावल्यावरही दोघांनी सही केली.

साक्षीदार: १) केवलराम बोपचे २) सुशिलाबाई टेंभरे

लिहून देणार: उदेलाल सोमाजी रहांगडाले

सालेकसा, दिनांक १४ सप्टेंबर २०१४