मधमाश्यांना सांगायचं राहिलं

सॉल्झबरी, ६ जानेवारी १९४४

चि. विल्फ्रेडास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आल्डरकूम सुटलं. सैन्याला सरावासाठी अख्खं गाव हवं होतं. लढाई संपली की परत देऊ म्हणाले, आणि बाबांनी ते खरं मानलं. निघताना मला लोखंडी चूल घासून चकचकीत करायला लावली, शिपायांपुढे शोभा नको म्हणून! मधमाश्यांना मात्र सांगू दिलं नाही. घरातलं कुणी गेलं, घर सोडलं, की पेट्यांपाशी जाऊन सांगायचं असतं. आई गेली तेव्हा तूच सांगितलंस. मी आठवण करून दिली तर भडकले. आपण काय कायमचे चाललोय का, अभद्र बोलू नकोस, म्हणाले. आता मावशीच्या माडीवर दिवसभर खिडकीला चिकटलेले असतात. मावशी विचारते, हा पाहुणा आहे की पहारेकरी?

लोभ आहेच, पत्रातूनही दिसू दे.

तुझी हेस्टर

२ एप्रिल १९४४

ती. ताईस सा. न.

हे पत्र सुटीवर निघालेल्या मित्राच्या हाती चोरून धाडतोय. बाबांना दाखवू नकोस.

घराघरांतून लढायचा सराव म्हणून आम्हाला नेलं. ट्रकमधून उतरलो तर समोर आल्डरकूम! आमच्या तुकडीला नऊ नंबरचं घर दिलं. ताई, ते आपलं. हे माझं घर आहे असं सार्जंटला सांगितलं, तर म्हणाला, मग बरंच झालं, दारं शोधायला नकोत. सगळे हसले. मीही हसलो, मेल्यासारखं झालं तरी. मग स्वयंपाकघरात पहिला हातबॉम्ब मीच टाकला. दिवसभर मारा चालला. छप्पर गेलं, जिना गेला, तुझी चूल अंगणात येऊन पडली. मधमाश्यांच्या पेट्या रिकाम्याच होत्या. तरी त्यांना सांगून आलो.

बाबांना कसं सांगायचं ते तूच बघ. माझ्याच्यानं होणार नाही.

लोभ असू दे, मागायलाही लाज वाटते.

विल्फ्रेड

२० मे १९४४

चि. विल्फ्रेडास बाबांचे आशीर्वाद.

मावशीकडे आता फार दिवस राहणं बरं दिसत नाही. नगरपालिकेनं आम्हाला दोन खोल्यांचं घर देऊ केलं होतं. घेतलं तर आल्डरकूमवरचा हक्क सोडायचा, अशी अट. मी डळमळलो होतो रे. हेस्टर त्या दिवशी स्वयंपाकघरात रडत बसली होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तू गावी जाऊन आलास, घर जसंच्या तसं आहे, आठवणीनं रडू आलं. वेडी कुठली! मी तडक जाऊन नगरपालिकेला नाही म्हणून आलो. त्यांनी ते घर दुसऱ्यांना दिलंसुद्धा. साहेब विचारत होता, एवढी खात्री कशावरून? म्हटलं, माझ्या मुलानं डोळ्यांनी पाहिलंय.

तब्येतीला जप. लोभ आहे, वाढतोच आहे.

तुझे बाबा