सीलबंद कोळी

३ जून, सोमवार. सकाळी ७.१०
बाथरूमच्या दारामागे कोळी. तळहाताएवढा. (शांतपणे विचार केल्यावर : पेल्याच्या बुडाएवढा.) तपकिरी, पाठीवर ठिपके. ओळखीचा नाही.
बायको म्हणाली, झाडू आणा. मी म्हणालो, आधी ओळख पटवू, मग कारवाई. विषारी निघाला तर? मुलगी सात महिन्यांची. फरशीवर सरपटते, दिसेल ते तोंडात घालते. बायको म्हणाली, म्हणूनच म्हणते, झाडू आणा.
आमची चर्चा चालू असताना कोळी निघून गेला.

७.४५
नियम केला : कोळ्याची ओळख पटेपर्यंत मुलीला जमिनीवर ठेवायचं नाही. सुवाच्य अक्षरात लिहून दारावर चिकटवला.

४ जून, मंगळवार
बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली. दोनच गल्ल्या पलीकडे. म्हणाली, पोर कडेवर घेऊन दिवसभर कामं तुम्हीच करून बघा. कोळी गेला की येईन.
मेहुणा घरोघरी किडे मारायचं औषध फवारतो. त्याचा फोन आला. दाजी, पंप घेऊन येतो, दहा मिनिटांचं काम आहे. नको म्हणालो. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यावर औषध मारणं अशास्त्रीय आहे. मी अकरावी सायन्सला होतो, तो नव्हता. (अकरावी पूर्ण झाली नाही, हा वेगळा विषय.)
उद्यापासून पद्धतशीर शोध.

५ जून, बुधवार. सकाळी ६.५०
पकडला! त्याच दारामागे, फरशीवर. वरून काचेची बरणी ठेवली, खालून पुठ्ठा सरकवला, झाकण लावलं. त्याने जराही प्रतिकार केला नाही. माझा आत्मविश्वास त्याला जाणवला असावा.
झाकणाला आधीच खिळ्याने भोकं पाडली होती. मग गोदामातल्या पद्धतीने टेप लावून सील केलं, टेपवर आडवी सही, तारीख, वेळ. गोदामात माझं कामच ते : आलेला माल ताडून बघायचा आणि सील करायचा. सील झालेला माल साहेबांच्या सहीशिवाय उघडायचा नाही. घरी साहेब नाहीत. म्हणजे उघडायचाच नाही.
बायकोला मेसेज केला : कोळी ताब्यात. रविवारी ये. तिचा आला : मारला का. मी कळवलं : मारला नाही, ताब्यात आहे. आणि प्रश्नानंतर प्रश्नचिन्ह लागतं.


६ जून, गुरुवार
निरीक्षणं.
रंग : सोमवारपेक्षा फिका. भीतीने.
हालचाल : नाही.
आहार : भोकातून एक मुंगी आत सोडली. मुंगी त्याच्या पाठीवरून दोनदा फिरून आली. त्याने काहीही केलं नाही. सहनशीलता विलक्षण.
पाय : सात. तीन वेळा मोजले.
वाचनालयातून किड्यांचं पुस्तक आणलं. त्यात प्रत्येक कोळ्याला आठ पाय. सात पायांचा एकही नाही. म्हणजे हा अजून कोणालाच सापडलेला नाही.
बसून पाणी प्यायलो.

७ जून, शुक्रवार
बरणी गोदामात नेली. साहेब म्हणाले, मेलाय तो. मी सांगितलं, मेलेला कोळी पाय पोटाशी ओढून घेतो, पुस्तकात आहे. याचे सगळे पसरलेले आहेत. साहेब म्हणाले, मग उघड आणि काडीने ढोसून बघ. मी सील दाखवलं. नियम त्यांचाच. ते म्हणाले, बाबा रे, जा, खोकी मोज.
नव्या जातीला मुलीचं नाव द्यायचं ठरवलं. बायकोला आत्ता सांगणार नाही. रविवारी, बरणी समोर ठेवून.

८ जून, शनिवार
फरशी दोनदा पुसली. दारावरचा नियम काढला.
मेहुणा फोनवर म्हणाला, दाजी, पोरगी काल गुडघ्यांवर रांगायला लागली, येऊन तर बघा. जाणार होतो. पण बरणी कोणाच्या भरवशावर सोडायची?

९ जून, रविवार. दुपारी १
साडेअकराला तिघं आली. बायकोने मुलीला फरशीवर सोडलं. खरंच रांगते. थेट माझ्याकडे आली.
मी बरणी टेबलावर ठेवली, दोन शब्द बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात मेहुण्याने ती उजेडात धरली आणि हसायलाच लागला. मी नको नको म्हणेपर्यंत नखाने टेप फाडली, झाकण काढलं, आत फुंकर मारली. माझा कोळी उडून माझ्या बाहीवर बसला.
दाजी, ही कात आहे, तो म्हणाला. कोळी मोठा झाला की जुनी टाकून देतो. आत काही नाही हो, पोकळ आहे.
आठवा पाय बरणीच्या काठाला चिकटलेला होता.
मग खरा कुठे आहे, असं बायकोने विचारलं. आम्ही सगळे भिंतींकडे बघायला लागलो. तिने मुलीला उचललं. मी म्हणालो, तो कधी मोठा झाला त्याची तारीख तरी आपल्याकडे आहे.
तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, कोळ्याचं सोडा हो. दोन गल्ल्या होत्या. पाच दिवसांत एकदा तरी पोरीला बघायला याल वाटलं होतं.
आणलेली पिशवी तिने सोडलीच नव्हती. तशीच उचलली आणि भावाबरोबर निघाली.
मेहुण्याने दारातून विचारलं, पंप ठेवून जाऊ का? नको म्हणालो.

१० जून, सोमवार. सकाळी ७.१०
बाथरूमच्या दारामागे कोळी. मोठा झाला आहे. पाय आठ. एकदाच मोजले.
पुस्तकात सापडला, पान ४१. साधा घरातला कोळी. निरुपद्रवी. सगळीकडे आढळतो.
बायकोला मेसेज केला : ओळख पटली. उत्तर नाही.
झाडू आणला. थोडा वेळ धरून उभा राहिलो, मग जागेवर ठेवला. घरात आता आम्ही दोघंच.

८.३०
गोदामात निघालो. कुलूप लावताना ‘येतो’ म्हणालो. सवय.