इंदूचं हसणं

प्रिय इंदू,

पस्तीस वर्षांच्या संसारात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. तशी वेळच कधी आली नाही. तुझं माहेर कुडपण. तू सकाळी जायचीस आणि बहुतेक वेळा संध्याकाळी परत यायचीस. आज लिहितोय, कारण परवा रविवारी मी कुडपणला जाऊन आलो. तुझ्या बाळूला भेटलो. तिथं जे झालं ते तुला सांगायला हवं. आणि ते सांगायचं तर आधी मी काय काय केलं तेही कबूल करायला हवं. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. शेवटचं मात्र माहीत नाही, कारण तेव्हा तुला हिरवी साडी नेसवून अंगणात ठेवलं होतं.

आपल्या लग्नानंतरचा पहिला शिमगा तुला आठवत असेलच. घरोघर गवळण करत फिरणारे कुडपणचे खेळे आपल्या अंगणात आले होते. ऊन डोक्यावर होतं, मृदंग आणि झांजा वाजत होत्या, आणि तुझा धाकटा भाऊ बाळू त्या वर्षी पहिल्यांदाच गवळणीतली मावशी झाला होता. नऊवारी नेसलेला, कपाळभर कुंकू, चालायची अशी ऐट की गवळणी झालेल्या पोरांनाही हसू आवरेना. मथुरेच्या बाजाराला निघालेली ही मावशी अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मला बघून मथुरंचं गडी रांग लावून उभं ऱ्हातात गो!"

तू बायकांच्या घोळक्यातून मोठ्यांदा म्हणालीस, "रॉकेलला उभं असतील गो मावशी!"

सगळं अंगण फुटलं. मृदंगवाल्याचा ठेका चुकला. बाळू पदरात तोंड खुपसून हसला. आणि तू? मान मागे टाकून, टाळ्या पिटत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस. इतकं मोकळं हसणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

माझ्या शेजारी खुर्चीवर आमचे मुख्याध्यापक बसले होते. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मंडळींचा आवाज खणखणीत आहे हो." बस, एवढंच. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण मी नवा शिक्षक होतो, माझे कान तापले. खेळे पुढच्या घरी गेले तसं मी तुला आत बोलावलं आणि म्हणालो, "चार लोकांत असं खिदळायचं नाही. तू आता मास्तरची बायको आहेस."

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसतं "बरं" म्हणालीस.

पुढच्या शिमग्याला तू पदर तोंडावर धरून हसलीस. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, शहाणी झाली. खेळ संपल्यावर बाळू कुंकू पुसत तुझ्याजवळ आला नि विचारलं, "आक्का, बरी हायस ना?" तू म्हणालीस, "बरी हाय रे. उन्हानं डोकं धरलंय." ते खोटं होतं हे मला तिथंच कळलं होतं. मी ऐकलं आणि गप्प राहिलो.

आणखी एक दिवस आहे. आपली वंदना पाचवी-सहावीत असेल. शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आलो. पडवीपर्यंत पोचलो तर आतून तुझा आवाज. बाळूनं त्यांच्या गवळणीची कॅसेट भरून दिली होती, ती लावून तू पोरीला मावशी करून दाखवत होतीस. गाणंही तूच म्हणत होतीस, मधली उत्तरंही तूच देत होतीस. पोर हसून हसून लोळत होती, आणि तूही तशीच हसत होतीस, पहिल्या वर्षीसारखी. मी पायरीवर उभा राहून ऐकलं. मलाही हसू आलं होतं, इंदू. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आणि मग मी खाकरलो. घरात शिरताना खाकरायची माझी सवय. आत एकदम शांत झालं. तू टेप बंद केलास आणि चहाचं आधण ठेवलंस.

मी तसाच उभा का राहिलो नाही? किंवा आत येऊन खाली का बसलो नाही? तू मला उठवून लावलं असतंस का?

दोन वर्षांपूर्वी तुला खोकला लागला. आधी आपण धुळीवर ढकललं, मग सर्दीवर. महाडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला नि मला एकट्याला बसवून सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत, हे मागं फिरणारं दुखणं नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी आली. जिना बंद झाला, मग अंगण बंद झालं. फार बोलायचं नाही, दमायचं नाही. "हसण्यानंसुद्धा उबळ येते," डॉक्टर म्हणाले, "तेवढं सांभाळा."

आणि नेमकं तेव्हाच तू मला म्हणालीस, "बाळ्याला बोलवा. मला मावशी बघायची हाय."

मी नाही म्हणालो. तुला डॉक्टरांचं सांगितलं. तू खिडकीकडे तोंड वळवलंस. मग थांबत थांबत म्हणालीस, "पयलं लोकांसाठी हसू नको म्हणालात. आता डाक्तरसाठी. माज्यासाठी कदी हसायचं मी?"

पस्तीस वर्षं तू ते मनात ठेवलं होतंस. तू विसरलीस असं समजून मी जगत होतो.

चार दिवस मी तुझ्याशी धड बोलू शकलो नाही. पाचव्या दिवशी बाळूला फोन केला. फोन कानाला लावायच्या आधी तू मला बजावलंस, "डाक्तर काय म्हणाला ते त्याला सांगू नका. त्यो घाबरंल, नि हसवायच्या जागी रडत बसंल." मी कबूल झालो. बाळूला एवढंच म्हणालो, "आक्काला तुझी मावशी बघायची आहे. ये."

तो दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. एक मृदंगवाला, एक झांजवाला आणि तो. पन्नाशी उलटलेला माणूस, पडवीत उभं राहून आरशाशिवाय कुंकू लावत होता. मग खाटेसमोर आला, कमरेवर हात ठेवून तुझ्याकडे निरखून बघितलं आणि मावशीच्या आवाजात म्हणाला, "अगो, नाकात नवी नथ? कंच्या सोनारानं घडवली गो?"

तू उशीवरून उठून बसलीस. एकेक शब्दाला श्वास घेत म्हणालीस, "ही नथ... लायटीवर... चालते गो मावशी."

"नि लाइट गेली म्हंजे?"

"मंग मी बी जाते."

आणि तू हसलीस. खोलीत दुसरं कोणी हसेना. वंदना भिंतीकडे तोंड करून उभी होती. मृदंगवाल्याचा हात तसाच राहिला होता. बाळूचा चेहरा कुंकवाखाली पडला होता. एकटी तू हसत होतीस, मान मागे टाकून. मग तूच त्याला हातानं खुणावलंस, पुढं चालू दे. त्यानं गाणं उचललं. तुला उबळ आली, ओठ निळसर झाले, मी मशीनचं बटण वाढवलं आणि त्यांना थांबा म्हणालो. तू माझा हात बाजूला सारलास. बाळू माझ्याकडे बघत होता, मी मान डोलावली, तो गात राहिला. अर्धा तास तरी चाललं असेल. ते गेल्यावर तू गाढ झोपलीस. कितीतरी दिवसांनी तशी झोपली होतीस.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. अंगणात माणसं जमली होती. बाळू तुझ्या पायाशी बसून रडत होता, लहान पोरासारखा. मला त्याचं रडणं ऐकवेना. का ते अजूनही नीट सांगता येत नाही. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "आता कशाला रडतोस? तूच हसवून हसवून मारलंस तिला."

बाळूनं डोळे पुसले आणि उठून बांबू बांधायला गेला. तुला खांदा दिला. दहाव्याला आला, पण लांब उभा राहिला. त्यानंतर आला नाही.

मी नंतर एकदा डॉक्टरांना विचारायला गेलो. त्या दिवशी हसली नसती तर जगली असती का? ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही, गुरुजी. कदाचित आठ-पंधरा दिवस इकडं तिकडं." हे उत्तर घेऊन मी घरी आलो आणि बाळूला ते कळवलंसुद्धा नाही. आज करू, उद्या करू, असे महिने गेले.

गेल्या आठवड्यात वंदना आली होती. शिमगा जवळ आलाय, कुडपणात तालमी सुरू झाल्यात. ती म्हणाली, "आण्णा, मामानं मावशीची साडी मंडळाला परत दिली. आता कधी नेसणार नाही म्हणतो." मी म्हणालो, वय झालं असेल त्याचं. तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. "आण्णा, त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते तुम्हाला आठवतंय ना?"

आठवत होतं.

म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं वर गेलो. बाळू शेतात होता, भाताच्या रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी तोडलेल्या फांद्यांचे भारे बांधत होता. मला बघून उभा राहिला, हात धोतराला पुसले. "भावजी, एकटंच आलासा? वंदना बरी हाय ना?" मी म्हणालो, सगळे बरे आहेत, तू जरा देवळात चल. तालीम तिथं चालू होती, पंधरा-वीस माणसं होती. मी त्याला जे बोललो होतो ते माणसांत बोललो होतो. ते एकांतात परत घेता येत नाही, एवढं मला कळत होतं.

सभामंडपात सगळ्यांना थांबवलं. वर्गापुढे उभा राहायचो तसा उभा राहिलो. म्हणालो, "इंदू बाळूमुळं गेली नाही. मी त्या दिवशी चुकीचं बोललो. मला माफी मागायची आहे."

बाळू खांबाला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "भावजी, तिला हसवायचं नाय, असं डाक्तर म्हणाला व्हता का?"

मला वाटलं नव्हतं तो हे विचारेल. वंदनाकडून कधीतरी त्याच्या कानावर गेलं असावं.

"म्हणाले होते."

"मी यायच्या आदी म्हाईत व्हतं तुमाला?"

"होतं."

"मंग मला सांगितलं का नाय?"

तू सांगू नको म्हणाली होतीस, हे तोंडाशी आलं होतं. पण सगळं तुझ्यावर टाकून मोकळा होणं मला जमेना. मी म्हणालो, "सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

"नसतो आलो."

"म्हणून नाही सांगितलं. तिला तू हवा होतास. मला सगळं माहीत असून मी तुला बोलावलं, तू गात होतास तेव्हा मान डोलावली, आणि ती गेल्यावर दोष तुझ्या अंगावर टाकला."

बाळूनं खाली बघितलं. मग कोयता उचलला आणि शेताकडे निघून गेला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. त्यानं म्हणावं असं मी काय केलं होतं?

मी तिथंच बसून राहिलो. पोरांनी तालीम पुन्हा सुरू केली. गवळणी मथुरेला निघाल्या. मावशीची जागा आली तिथं सगळे थोडे थांबले आणि पुढचं कडवं म्हणायला लागले. ती रिकामी जागा मी ऐकली, इंदू. तशी जागा आपल्या घरात तीस-पस्तीस वर्षं होती.

दुपारच्या गाडीला निघालो तर बाळू वळणावर उभा होता, अंगाला पानं चिकटलेली. जवळ आला, पण माझ्याकडे न बघता म्हणाला, "एवड्या लांब येऊन जेवला बी नाय तुमी." मग अंगावरची पानं झटकत, "फुडल्या ऐतवारी तालीम हाय. यायचं तर या."

"तू असशील?"

"म्हाईत नाय," तो म्हणाला.

तू गेल्याला वर्ष सरलेलं नाही, तेव्हा यंदा आपल्या घरी सण नाही. खेळे अंगणात बोलवायचे की नाहीत यावर भावकी काय म्हणेल ते म्हणू दे, ते नंतर बघेन. तुला आज एवढाच शब्द देतो. येत्या रविवारी मी कुडपणला जाईन, त्याच्या पुढच्या रविवारीही जाईन. बाळू साडी नेसला तर त्याच्या समोर बसेन. नाही नेसला, तर त्याच्या शेजारी बसेन.

तुझा,
दत्ताराम