उशाशी बसायचं कुणी

उदगीर,
ता. १० एप्रिल १९८३

चि. सौ. तारामतीस शिवकन्येचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. लातूर जिल्हा झाल्याचं तुमचं तेज अजून उतरलं नसेल. भुजंगभावजींना कलेक्टर कचेरीत खुर्ची मिळाली, तुला दारात नळ. इथे टँकर एक दिवसाआड येतो आणि आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात.

सासूबाई दिवसेंदिवस उतरतच आहेत. जेवण म्हणजे दोन घोट पेज. दुखणं वाढलं की डॉक्टरांची गोळी देते, मग जरा डोळा लागतो. मी माझी अंघोळ टाळते, पण त्यांना रोज घालते. पाठीला एक फोड नाही, चादरीला वास नाही. शेजारची गुरम्मा म्हणाली, "पोटची लेक बी इतकं करत न्हाई." हे तुला मुद्दाम लिहिते आहे.

आता मागच्या रविवारचं. तू आलीस आणि त्यांच्या उशाशी बसलीस. चांगलीच बसलीस. दुपार गेली, चहा गार झाला, मोरीत भांडी तशीच. मी आत चरफडत होते. पोटातल्या गाठीचं त्यांना कळू द्यायचं नाही, वात आहे म्हणायचं, असं सगळ्या घरानं ठरवलं होतं. त्यांनी तुला विचारलं आणि तू सरळ सांगून मोकळी झालीस! मला वाटलं, आता म्हातारी हाय खाणार.

तसं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी औशाच्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. किती वर्षांचा अबोला होता दोघींचा, तुला ठाऊकच आहे. पोटभर रडल्या, मग पोटभर हसल्या. आणि तेव्हापासून एकच धोशा: "तारा कवा येती?"

पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! काल अंघोळ घालताना मी विचारलंच, "माझं काय कमी पडतंय?"

म्हणाल्या, "कमी कशाचं माय, तू लई करायलीस. पन तू येतीस, पाजतीस, पुसतीस, जातीस. तारा बसती. तिच्यासंगं बोललं की वाटतंय, मी अजून हाय."

तारामती, मला तुझा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. हेवा म्हण, मी नाही म्हणणार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली राबले, आणि तू एक दुपार बसलीस.

मग मीही बसून पाहिलं. जरा वेळ झाला नाही तोच मला पेज करपल्याचा वास आला, उठून गेले. चूल पेटवलेलीच नव्हती. कामात असले की त्या आजारी आहेत एवढंच दिसतं. जवळ बसले की त्या चालल्यात हे दिसतं, आणि मला ते बघवत नाही.

डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. म्हणून ये. मिळेल त्या एसटीनं ये, पण जुनं लुगडं नेसून ये. टँकरला घागरी तू लाव, पेज तू शिजव, चादरी तू धू. उशाशी या खेपेला मी बसणार आहे. त्यांनी तुझ्या नावानं हाक मारली, तरी ओ मी देणार.

त्यांची थोरली सून,
शिवकन्या