खालच्या कुरणाचे वरंबे

माझा भाऊ जेबेझ फेल्टॅम मंगळवारी बुलडोझरवाल्याला घेऊन माझ्या कुरणात उभा होता. मी खिडकीत बसलेली त्याला दिसत होते, तरी हातवारे चालूच, इथून तिथपर्यंत सगळं सपाट. माणूस मरायची तरी वाट बघतात. मी काठी टेकत खाली गेले.

"काय चाललंय रे?"

"अगं, नुसतं बघतोय. तुझ्यामागं माझ्याकडंच येणार ना ते."

म्हणून हे लिहायला बसले.

मी थर्झा मेडमेंट, ईलाय मेडमेंटची विधवा, वय पन्नास, राहणार नेदरकूम, विल्टशर. डोकं ठिकाणावर आहे, बिघडलंय ते पोट. डॉक्टरनं आता औषध बदलायचंही सोडलंय. मला कोणी धाक घातलेला नाही, तसा माणूस अजून जन्मायचाय. हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. शाळा फारशी झाली नाही, तेव्हा शब्द चुकला तर अर्थ धरावा.

याची अंमलबजावणी नर्स ऑलिव्ह पेनीनं करावी. तिला यातलं काहीही मिळणार नाही, हे मी तोंडावर सांगितलं. "सुटले," म्हणाली.

घर भाड्याचं, ते देता येत नाही. कोंबड्या, पितळी किटली आणि पलंग डल्सी फॉइलला. ती माझ्याकडं दूध घालते आणि बदकं पाळते. ईलायचं अर्धचंद्री पात्याचं फावडंही तिलाच. पातं दगडावर मारू नये.

ईलायचे मांडीपर्यंतचे बूट कोणाला देऊ नयेत. ते माझ्याबरोबर पुरावेत. शवपेटी वॉल्टर स्कॅमेल सुतारच करणार आहे. तो म्हणाला, "थर्झाबाई, बुटांसकट मावणार नाही तुम्ही." मी म्हटलं, "मग लांब कर, लाकूड काय तुझ्या अंगातून काढायचंय?"

आता कुरण. वडिलांनी नदीकाठचं कुरण दोघांत वाटलं, वरचं जेबेझला, खालचं मला. नदीचं पाणी अडवणारं फळ्यांचं दार वरच्यात. ते उचललं की पाणी पाटानं वरंब्यांच्या माथ्यावर चढतं, दोन्ही अंगांनी गवतातून झिरपतं, सरीत उतरतं आणि परत नदीला जातं. हिवाळाभर असं पातळ पाणी फिरलं की जमिनीवर गोठलेलं दहिवर धरत नाही, आणि मेंढ्यांना सगळ्यांच्या आधी हिरवं मिळतं. हे करणाऱ्याला आमच्याकडं बुडव्या म्हणतात. ईलाय बुडव्या होता. पाणी कुठं थबकलं तर तो जेवण सोडून उठायचा. बुडव्याला 'तुझं पाणी उभं राहिलं' म्हणणं म्हणजे आईवरून शिवी.

मे महिन्यात गवतासाठी पुन्हा पाणी सोडलं, की त्यानंतर त्या कुरणात मेंढी घालायची नाही. गाय चालते. मेंढीच्या काळजात किडे होतात. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला ठाऊक. एका वर्षी मेचं पाणी देऊन झाल्यावर ईलाय पाय मोडून अंथरुणात होता आणि वर टेकडीवरचा चारा संपला होता. जेबेझनं मेंढ्या खाली, पाणी दिलेल्या कुरणात घातल्या. शरद ऋतूत त्यांच्या जबड्यांखाली पाण्याच्या गाठी लोंबायला लागल्या, आणि कळप गेला. तेव्हा हा गुत्त्यात सगळ्यांसमोर बोलला, "कुरण बुडवायचं सोडून मेव्हण्यानं माझ्या मेंढ्या बुडवल्या. पाणी उभं ठेवलं त्यानं." लोक हसले. पुढं रस्त्यावर ईलायला 'बुडव्या' अशी हाक यायची, पण तिच्यातला धंदा गेला होता, दुसराच अर्थ राहिला होता. एकाही शेतकऱ्यानं त्याला पुन्हा कामावर बोलावलं नाही.

ईलायनं वरंब्यावर लेंड्या बघितल्या होत्या. कुबडीवर जाऊन बघितल्या. मला शेवटच्या आजारात सांगितलं. "मग तेव्हाच का नाही बोललास?" तर म्हणाला, "तुझा एकच भाऊ आहे, थर्झा." असला माणूस. मला अजून राग येतो त्याचा, आणि राग आला की रडू येतं, आणि मग काहीच सुचत नाही.

त्याला मातीत ठेवलं त्याच आठवड्यात जेबेझनं नदीचं दार खाली सोडून कुलूप घातलं. तेव्हापासून माझे वरंबे कोरडे. दहिवर पडलं की मात्र सगळे उठून दिसतात, माथा पांढरा, सरी काळी, सुतात. पाणी उभं ठेवणाऱ्याचं काम असं दिसतं का?

तर खालचं कुरण मी डल्सी फॉइलला देते. बदकं सोडावीत, गाय सोडावी, नांगर किंवा बुलडोझर घालू नये. ईलायच्या हातचं एवढंच उरलंय. जेबेझला काही नाही.

नेदरकूम, ९ जानेवारी १९५७.
थर्झा मेडमेंट (सही)
आम्हा दोघांच्या देखत सही केली: ऑलिव्ह पेनी, नर्स. वॉल्टर स्कॅमेल, सुतार.

सहीखालचं कायद्यात धरत नाहीत, असं ऑलिव्ह म्हणते. न धरू देत. हे जेबेझसाठी आहे. याची नक्कल ऑलिव्ह आजच त्याच्या हातात देईल.

जेबेझ, वरचं सगळं वाचलंस. कुरण तुला मिळणार नाही, तेव्हा खरं बोलून तुझा काही फायदा नाही. म्हणूनच विचारते. मेंढ्या कोणी घातल्या? गुत्त्यात उभं राहून सांगायला जीभ उचलत नसेल तर दार उचल. मी खिडकीतच असते. वरंब्यांवर पाणी चढलं की मी समजेन तू काय म्हणालास. दोन फेब्रुवारीला देवळात मेणबत्त्या लागतात, त्यापुढं मी असेन असं डॉक्टर म्हणत नाही. त्या दिवसाच्या आत मला उत्तर पाहिजे.