पांढऱ्या टोपीची रिबीन

आबा, मी कुठं असतो ते तुम्हाला ठाऊक नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर, जिथं म्हातारी जहाजं तोडायला आणतात, तिथं गॅसकटर चालवतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यात ही माझी सहावी जागा. एका ठिकाणी बूड टेकत नाही ह्याचं, असं तुम्ही म्हणायचा, ते अजून खरं आहे. आज सुट्टी म्हणून रस्त्याकडेच्या दुकानांकडं गेलो होतो. जहाजांतून निघालेल्या खाटा, ताटल्या, घड्याळं तिथं विकायला मांडलेली असतात. एका दुकानदारानं खोक्यातून काळी रिबीन काढली आणि जर्मन खलाशाच्या टोपीची आहे, लढाईच्या काळातली, असं सांगायला लागला. मी ती घेतली आणि आधी उलटी केली. खऱ्या रिबिनीसारखी अक्षरं विणलेली नव्हती. वरून मशिनीनं भरलेली, मागं गाठीच गाठी. नकली आहे म्हटलं. तो हसला, म्हणाला, "तेरे को कैसे मालूम?" मी रिबीन त्याच्या खोक्यात परत टाकली. खोलीवर आलो आणि वही काढली. नववी सोडल्यापासून एवढं कधी लिहिलेलं नाही.

उस्मानपुऱ्यात दुकान घ्यायच्या आधी तुम्ही दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी मशीन घेऊन बसायचा. तो उंच जर्मन म्हातारा किल्ला चढताना पँट फाडून तुमच्याकडं आला, तुम्ही त्याला चादर गुंडाळून बसवलं आणि असा रफू केला की फाटलं कुठं होतं ते त्यालाच सापडेना. मी तेव्हा लहान होतो, पण ही गोष्ट तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की तो चादरीतला म्हातारा मी स्वतः बघितल्यासारखा वाटतो. मग काही महिन्यांनी त्याचं पाकीट आलं. आत काळ्या रेशमाची रिबीन, वर काटेरी सोनेरी अक्षरं. चिठ्ठी गल्लीतल्या कॉलेजच्या पोरानं वाचून दाखवली. त्याचे वडील लढाईत खलाशी होते, बुडाले. घरी त्यांच्या दोन टोप्या राहिल्या, एक निळी, एक पांढरी. निळीची रिबीन मी ठेवतो, पांढरीची तुम्हाला, कारण कापड समजणारा माणूस ती नीट सांभाळेल, असं त्यानं लिहिलं होतं.

तिथून तुम्हाला नाद लागला. त्याच्या ओळखीनं आणखी दोघांशी पत्रं सुरू झाली. तुम्ही हिमरू कापडाच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून पाठवायचा, तिकडून रिबिनी यायच्या. रिकाम्या रिळांवर गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, मास्तर, समुद्र कुठंय आपल्याकडं, हर्सूलच्या तळ्यात जहाज सोडता काय. तुम्ही तोंडातली टाचणी न काढता हसायचा. मग त्यांनाच डबा उघडून दाखवायचा: आधी रिबिनीवर जहाजाचं नाव असायचं, लढाई लागल्यावर नावं काढली, सगळ्यांना एकच रिबीन, फक्त नौदलाचं नाव. कोण कुठल्या जहाजावर आहे ते दुश्मनाला कळू नये म्हणून. एकदा एकानं गरुडाचा बिल्ला पाठवला, पंजात हिटलरचं चिन्ह. तो तुम्ही त्याच पाकिटात घालून परत केला. म्हणालात, "रिबीन पोराच्या डोक्यावरची हाय. हा बिल्ला त्याच्या मालकाचा. दुकानात बुद्धाच्या मूर्तीसमोर हे नको."

मी शाळा सोडली त्या वर्षी तुम्ही माझ्याशी जवळजवळ बोलत नव्हता. दुकानात बसवलं होतं, पण माझी काजं वाकडी यायची. इस्त्री तेवढी मला चांगली जमायची. बिनइस्त्रीचं कापड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा तुमचाच नियम. तशात चिठ्ठी आली की तो म्हातारा पुन्हा येतोय, रिबीन बघायची आहे. तुम्ही दुकानाच्या भिंतींना चुना मारून घेतला, आईला शेंगदाण्याचे लाडू करायला सांगितले, आणि आदल्या दुपारी नवीन कप आणायला गेलात. मी डबा उघडला. हात लावू नको म्हणून बजावलं होतं तुम्ही. रिबीन रिळावर राहून वळली होती, मध्ये घडी पडली होती. पाहुण्यासमोर अशी कशी ठेवायची? कोळशाची इस्त्री तापलेलीच होती. मी वर ओला फडकाही टाकला, रेशमाला टाकतात तसा. फडका उचलला तर अक्षरं आकसून गोळा झाली होती. ती जरीची नव्हतीच. लढाईत जरीची तार कुठून आणणार, जिलेटीन कागदासारखा सोनेरी धागा वापरायचे, हे तुम्ही दहा जणांना सांगताना मी तिथंच असायचो. मी रिबीन तशीच गुंडाळली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तो येतो. पाठीतून वाकलेला, हातात उन्हाची टोपी. तुम्ही डबा त्याच्या पुढ्यात ठेवता, रीळ काढता, सोडवायला लागता आणि तुमचा हात थांबतो. मी इस्त्रीच्या टेबलाजवळ उभा आहे. तुम्ही माझ्याकडं बघत नाही. कुणाकडंच बघत नाही. मग तुम्हाला येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणता, "माय हँड, साहेब. आयर्न. माय मिस्टेक." म्हातारा रिबिनीवरून बोट फिरवत राहिला. मग तुमच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, ते आपल्याला कुणालाच समजलं नाही. लाडू त्यानं एकच खाल्ला. तो गेल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "कोळसे इझव." त्यानंतर नवी रिबीन कधी आली नाही, तुम्ही मागवली नाही. पुढच्या पावसाळ्यात छातीत दुखतंय म्हणून मशीनवरून उठलात आणि घाटी दवाखान्यात पोचायच्या आत गेलात. डबा आईकडं आहे. पुसते, उघडत नाही.

दुकान गेलं. गावाचं नावही बदललं, आता पत्त्यात छत्रपती संभाजीनगर लिहितात. हे पान मात्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, वहीतच राहील. म्हातारा येऊन गेल्यावर तुम्ही होता त्या वर्षभरात रोज वाटायचं, आज आबा रिबिनीचं विचारतील. तुम्ही विचारलं नाही याचा मला रागसुद्धा आला होता. विचारलं असतं तर कबूल केलं असतं, मोकळा झालो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आज त्या दुकानात नकली रिबीन हातात धरून उभा होतो तेव्हा कळलं, ते खरं नाही. तुम्ही विचारलं असतं तर 'मी नाही केलं' म्हणालो असतो, आबा. तुमच्या तोंडावर. मला वाटतं, तुम्हाला ते माहीत होतं.