बावीवरचा नेचा

आये, बावीच्या चिऱ्यांतला तुझा तो बारका नेचा आता तिथे नाही. काळ्या तारेसारखा देठ, त्यावर अर्ध्या चंद्रासारखी पानं, तोच. दादाने दिवाळीनंतर विहिरीला आतून सिमेंट करून घेतलं. ते करणार हे मला श्रावणातच कळलं होतं, म्हणून मी एक गड्डा उपटून न्हाणीमागच्या सावलीत लावला आणि माडाला घालतो तसं मासळीचं खत घातलं. आपल्याकडे दुसरं सुचतं काय? नेचा काळा पडला, आणि शेजारची मांजरं तेवढी परड्यात राहायला आली. वयनी म्हणाली, "भावजी, म्हशीपण खायत नाय ता. कित्याक जपतास?"

गलबतावर होतो तेव्हा विजयदुर्गाच्या तटातही हा दिसला होता. तिथे माती कुठली, आणि खत कोण घालतं? मी ते बघत बसलो आणि गलबताचा तांडेल खालून शिव्या घालत राहिला. त्याच्या शिव्यांवर वेगळं पत्र होईल, ते राहू दे.

मग तू आठवलीस. तू बावीच्या पायरीवर कळशी घासते आहेस, हात राखेने भरलेले, आणि मी हाच नेचा खेचतोय. तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "ओढू नको रे. ता आपल्या पायान येतला." मला तेव्हा वाटलं, पोराला गप्प करायला काहीतरी सांगते. तो गड्डा मेल्यावर बावीच्या काठावर पालथा पडून नीट बघितलं, तर खरंच की. लांबलेल्या पानाचं टोक ओल्या दगडाला टेकलं की तिथेच मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं. मी शेवाळलेला चिऱ्याचा तुकडा पायरीवर ठेवला, पानाचं टोक त्यावर टेकवलं, वर खडा ठेवला. सिमेंटवाले यायच्या आत नेचा चिऱ्यावर आला. चिरा तसाच उचलून न्हाणीमागे नेला. खत नाही घातलं.

आता चैत्र लागलाय आणि चिऱ्यावर वाळकी काडीसुद्धा नाही. तुझ्या वेळीही उन्हाळ्यात असाच नाहीसा व्हायचा का, की मी मारला त्याला? तू पाणी शिंपडायचीस की नुसती वाट बघायचीस? दादाला विचारलं तर म्हणतो, बावीवर असलं काही होतं हेच त्याला आठवत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी विचारायला तूच.

शिमगा झाला की गलबतावर जातो, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. बोलावणं आलं तेव्हा ताप आहे म्हणून कळवलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहितो: ताप नाही मला. पाऊस लागेपर्यंत इथेच आहे.